दुभाष्याचं नाव यादीतून काढायचं कुणी आणि कसं?

तिकटीवरची

मंडळी, धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

१७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, १८ पासून भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत काम सुरू झालं. तेव्हापासून आमच्यासारख्या भाषांतरावर पोट असणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं, खालच्या कोर्टाचे कागद मराठीत, वरचं कामकाज इंग्रजीत. त्याच्या जोडीला तोंडी दुभाषेगिरीचं काम आधीपासून होतंच: सीमाभागातले कन्नड साक्षीदार, शिरोलीच्या फाउंड्रीतले ओडिया आणि बिहारी कामगार, दवाखान्यात येणारे कर्णबधिर पेशंट.

आम्ही अकरा जणांनी एक मंडळ करायचं ठरवलंय. वकिलांना, दवाखान्यांना, पोलीस ठाण्यांना एक यादी द्यायची: नाव, भाषा, अनुभव, फोन. यादीत नाव घालताना सगळे हजर. पण एखाद्याचं नाव काढायची वेळ आली तर काय, असं मी विचारलं आणि ग्रुपवर दोन दिवस शांतता. फक्त एकानं हात जोडल्याचा इमोजी टाकला.

मी का विचारलं ते सांगते. मध्यंतरी एका तालुक्याच्या कोर्टात मी दुसऱ्याच कामासाठी बसले होते. साक्षीला साठीच्या पुढची एक बाई, कन्नड बोलणारी. भांडणाचं विचारलं तर ती म्हणाली, "होड्याक बंदा." म्हणजे मारायला आला. दुभाष्यानं सांगितलं, "मारलं म्हणते." मारलं असतं तर ती "होडदा" म्हणाली असती. पुढं ती दीड-दोन मिनिटं बोलली, हातानं उंबरा दाखवला, कोण कुठं उभं होतं ते दाखवलं. त्याचं मराठी झालं, "बाकी काही आठवत नाही."

हा माणूस आमच्या अकरांतला आहे. वाईट नाही. कपड्याच्या दुकानात गिऱ्हाइकं करता करता कन्नड शिकलाय, साडीचा भाव करण्यापुरतं फर्डं बोलतो. आता सांगा, याचं नाव यादीत ठेवायचं का? ताकीद द्यायची, काही महिने बाहेर बसवायचं, की कायमचं काढायचं? आणि हे ठरवणारे आम्ही कोण?

---

तांबडा_पांढरा

पयला! ताई, कोल्हापुरात यादीतनं नाव काढणं म्हंजे पंगतीतनं माणूस उठवण्यासारखं हाय. वाढपी बदलतील, पण उठनार कोन न्हाई.

(गंभीर प्रतिसाद नंतर देतो, आधी जेवतो.)

---

कोर्टपायरी

मी वकिली करतो. आधी एक गैरसमज दूर करू. तुमच्या मंडळाला कुणाचा परवाना रद्द करता येणार नाही, कारण रद्द करायला परवानाच नाही. बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या दुभाष्याला सनद देणारी कायद्यानं उभी केलेली परिषद आपल्याकडं नाही. तुम्ही फक्त तुमच्या यादीतलं नाव काढू शकता. पण तेवढंही मनमानीनं करून चालणार नाही. संस्था नोंदवणार असाल तर घटनेत ते कलम आधी हवं. नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह लेखी निर्णय. ज्यानं तक्रार केली तो निर्णयाला बसणार नाही. एवढं नसेल तर काढलेला माणूस दिवाणी दावा लावेल, आणि तो लावणारा मीच असेन.

दुसरं, फौजदारी कायद्यानं दुभाष्याला मोकळं सोडलेलं नाही. १९६९ च्या शपथ कायद्यात साक्षीदाराच्या बरोबरीनं दुभाष्यालाही शपथ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१७ (जुनं २८२) म्हणतं की दुभाष्यानं खरा अर्थ सांगणं बंधनकारक आहे. आणि १८६० च्या दंड संहितेत कलम १९१ ला एक उदाहरण होतं, ते आता न्याय संहितेच्या २२७ मध्ये आलंय: शपथेवर असलेला दुभाषा, जो अर्थ खरा नाही आणि स्वतः त्यालाही खरा वाटत नाही, तो खरा म्हणून सांगतो, त्यानं खोटी साक्ष दिली. न्यायालयीन कामात याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मधले शब्द पुन्हा वाचा: "स्वतः त्यालाही खरा वाटत नाही". तुमच्या दुकानदाराला तो अर्थ खराच वाटत होता. म्हणजे गुन्हा नाही. पण त्या बाईच्या केसचं नुकसान झालं ते झालंच. कायदा जिथं थांबतो तिथून तुमच्या यादीचं काम सुरू होतं.

अवांतर: साक्ष चुकीची नोंदली गेली असेल तर साक्षीदाराला परत बोलावून तपासता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४८, जुनं ३११. त्या बाईच्या वकिलाला कुणी सांगितलं का?

---

पेठेतला_परदेशी

शिवाजी पेठेत वाढलो, सध्या अमेरिकेत. बायको इथं सांकेतिक भाषेची दुभाषी आहे, त्यामुळे घरात हा विषय रोजचा.

तिची संस्था म्हणजे रजिस्ट्री ऑफ इंटरप्रीटर्स फॉर द डेफ, स्थापना १९६४. आचारसंहितेत सात तत्त्वं, पहिलं गोपनीयतेचं. प्रमाणपत्र टिकवायचं तर चार वर्षांच्या चक्रात शिक्षणाची ८ युनिट, म्हणजे ८० तास. कोर्टाच्या दुभाष्यांचं वेगळं, ते राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात त्यांच्या वर्तनासाठी न्यायालयीन नियमांत स्वतंत्र नियम आहे, २.८९०.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. प्रमाणपत्र जाण्याची कारणं एका पिशवीत कोंबू नका. तास भरले नाहीत, फी भरली नाही म्हणून प्रमाणपत्र गेलं, तर त्यात लाज नाही, तास भरा आणि या. कौशल्य कमी पडलं तर पुन्हा परीक्षा, तोवर तेवढं काम बंद. गोपनीय गोष्ट बाहेर सांगितली, दोन्हीकडून पैसे घेतले, नातं लपवलं, तर ते वर्तन. आणि खोटं प्रमाणपत्र दाखवून आत आलेल्याला निलंबन कसलं, तो आत कधी आलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट म्हणजे चौकशी चालू असतानाचं तात्पुरतं निलंबन. आरोप इतका गंभीर की तोवर पुढच्या माणसाला धोका, तेव्हाच ते वापरायचं. आणि त्याला तारीख हवी, नाहीतर चौकशी लोंबकळते आणि माणूस निकालाशिवायच शिक्षा भोगतो.

रच्याकने, इथं नवं प्रमाणपत्र मागताना अर्जात विचारतात, यापूर्वी तुमचं कुठलं प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द झालंय का. ही एक ओळ तुमच्या फॉर्मवर टाकाच.

---

उगाच_शंका

सगळं कागदावर छान. आता खाली या. अकरा माणसं, त्यातले चार एकमेकांचे पाहुणे. तक्रार कोण करणार? ज्याचं काम दुसऱ्यानं पळवलं तो. ओडियाचा तुमच्याकडं एकच माणूस आहे ना? त्याला सहा महिने बाहेर बसवा, मग फाउंड्रीत बोट तुटलेला पोरगा सीपीआर दवाखान्यात आला की डॉक्टर कुणाला बोलावणार? मुकादमाला! तो तर सांगणारच, "काम करताना नाही साहेब, खोलीवर लागलं."

अर्धवट दुभाषा बरा की मुकादम?

आणि धागाकर्तीला एक प्रश्न. त्या दिवशी तुम्ही उठून का बोलला नाहीत?

---

हातवारे

माझे आईवडील दोघंही कर्णबधिर. मी चौथीत असल्यापासून बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या मीटिंगला (माझ्याच!) दुभाषी. मास्तर सांगायचे, "हा अभ्यास करत नाही." मी बाबांना हातानं सांगायचो, "मास्तर खूश आहेत." त्या वयात मला निलंबित करायला कुणी नव्हतं.

आता रीतसर डिप्लोमा केलाय, पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव आहे. कोर्टपायरी म्हणाले ते बोलल्या जाणाऱ्या भाषांपुरतं बरोबर, पण आम्हा सांकेतिक भाषावाल्यांना १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा लागू होतो. त्यात नाव कमी करायची तरतूद आहे: चुकून किंवा खोटी माहिती देऊन नोंद झाली असेल, गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, व्यवसायात निंद्य वर्तन केलं असेल तर. आधी बाजू ऐकावी लागते. नाव कायमचं काढता येतं किंवा ठराविक वर्षांसाठी. आणि त्यावर केंद्र सरकारकडं अपील करता येतं, ६० दिवसांत.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. तक्रार येणार कुठून? दुभाष्यानं काय घोळ घातला हे ज्याचं नुकसान होतं त्याला कळतच नाही. त्याला दुसरी भाषा येत असती तर दुभाषा लागलाच नसता. ती कन्नड बाई घरी गेली ती आपण सगळं सांगितलं या समाधानात. न्यायाधीशांना वाटलं तिला काही आठवत नाही. खोलीत दोन्ही भाषा येणारं एकच माणूस, आणि चूक त्याचीच. (त्या दिवशी योगायोगानं ताई होत्या.)

डिसेंबर २०१३ मध्ये नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत जोहान्सबर्गच्या स्टेडियमवर एक माणूस जगभरच्या नेत्यांशेजारी उभा राहून हातवारे करत होता. ऐकणाऱ्यांना वाटलं, वा! कर्णबधिर लोक घरी टीव्हीसमोर बसून म्हणत होते, हा काहीच बोलत नाहीये. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेनं भाषाव्यावसायिकांच्या परिषदेचा कायदा केला. तिथं कॅमेरा होता म्हणून कळलं. आपल्याकडंही साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणं, न बोलणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाष्यामार्फत घेतला तर त्याचं चित्रीकरण करायचं असतं. तसं कन्नड साक्षीदाराला नाही.

म्हणून नियम लिहाल तेव्हा दोन गोष्टी टाका. तक्रार पक्षकारानंच करायला हवी असं नाही, दुसऱ्या दुभाष्यालाही करता यावी. आणि तक्रार कुठल्याही भाषेत घ्या. माझ्या आईला मराठी अर्ज लिहिता येत नाही, ती व्हिडिओ पाठवेल.

---

कोर्टपायरी

हातवारे, +१. हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता.

ब्रिटनमधलं इक्बाल बेगमचं प्रकरण याच जातीचं. बाईला खुनाबद्दल शिक्षा झाली, आणि १९८५ साली अपिलात उघड झालं की दुभाष्याशी तिचा नीट संवादच झाला नव्हता. शिक्षा रद्द झाली. तोवर ती गप्प का बसली हे कुणी विचारलं नव्हतं, भाषेच्या भिंतीला सगळ्यांनी तिचा स्वभाव समजलं. तिथं दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदवही १९९४ मध्ये आली.

---

तांबडा_पांढरा

जेवण झालं. गंभीर शंका: 'निलंबन' शब्द वापरू नका. आपल्याकडं निलंबन म्हटलं की लोकांना वाटतं घरी बसून निम्मा पगार. उद्या तुमचा दुकानदार निर्वाह भत्ता मागंल.

दुसरं, माझा मेव्हणा 'नाटी' या ऑस्ट्रेलियन संस्थेची परीक्षा देतोय. तो पण दुभाषा का?

---

पेठेतला_परदेशी

@तांबडा_पांढरा, मेव्हणा देतोय ती सामाजिक भाषेची चाचणी, ऑस्ट्रेलियाच्या पीआरचे ५ पॉइंट मिळवायला. ती पास झाली म्हणून दुभाषेगिरी करता येत नाही. १९७७ मध्ये सुरू झालेली हीच संस्था खऱ्या दुभाष्यांना वेगळं प्रमाणपत्र देते, त्यात पायऱ्या आहेत: तात्पुरता प्रमाणित, प्रमाणित, त्यावर आरोग्य आणि कायद्यातला विशेषज्ञ. दर तीन वर्षांनी नूतनीकरण.

उगाच_शंकांच्या मुकादमावर या पायऱ्या हेच उत्तर आहे. ओडियाचा माणूस पूर्ण बाहेर काढू नका. त्याच्या नावापुढं लिहा: ओपीडी चालेल, जबाब आणि साक्ष नाही. परीक्षा झाली की ती ओळ खोडा.

---

सीमाभागी

धागा सकाळपासून वाचतो आहे. माझं वय ७१. गडहिंग्लज भागात कन्नड-मराठी दुभाष्याचं काम पुष्कळ वर्षं केलं.

एक जुनी गोष्ट सांगतो. सुनेला त्रास दिल्याची केस. मुलगी कन्नड, बोलता बोलता म्हणाली "अत्ती" असं असं म्हणाली. मी सांगितलं, "आत्या म्हणाली." कन्नडात अत्ती म्हणजे आत्याही आणि सासूही. मराठी कानाला आत्याच ऐकू आली. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि घास हातात राहिला. आरोपी सासू, आणि मी तिला आत्या करून मोकळी केली होती!

सुट्टी संपल्यावर उभा राहिलो. म्हटलं, साहेब, माझ्याकडून चूक झाली आहे, दुरुस्त करायची परवानगी द्या. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. समोरच्या वकिलानं आरडाओरडा केला, याला कुणी शिकवून पाठवलं म्हणून. पण साहेबांनी दोन्ही नोंदी लिहून घेतल्या, आधीची आणि नंतरची. संध्याकाळी एसटीत बसलो तेव्हा पाय कापत होते.

तुमच्या नियमांत हे असू द्या: स्वतःहून त्याच दिवशी दुरुस्त केलेल्या चुकीवर कारवाई नाही. नाहीतर भीतीनं कुणी उभाच राहणार नाही. चूक कळूनही जो गप्प बसला त्याला मात्र सोडू नका.

आणि तो दुकानदार. त्याला कळलं होतं का? त्यावर सगळं अवलंबून आहे.

---

तिकटीवरची

सगळ्यांचे आभार. आधी उगाच_शंकांना उत्तर देते, कारण ते टोचलंय.

नाही बोलले. उठावं असं वाटलं, पण मी त्या केसमध्ये कुणीच नव्हते. बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर त्याला गाठलं, म्हटलं, दादा, ती 'होड्याक बंदा' म्हणाली. तो हसला. "तेच की गं, एकच झालं. एवढं ताणलं तर दिवस पुरायचा नाही." आणि माझ्या चहाचे पैसे दिले.

काका, म्हणजे त्याला कळलं होतं. मी सांगितल्यावर का होईना.

कोर्टपायरींचा प्रतिसाद वाचून दुपारी त्या बाईच्या वकिलांचा नंबर शोधून फोन केला. ते म्हणाले, लेखी द्या, तुमच्या नावानिशी. दिलं. आता जे होईल ते होईल.

मसुदा लिहायला घेतलाय. आचारसंहिता नव्यानं रचत नाही, पोक्सोच्या नियमांत दुभाष्यांबद्दल जे आहे तेच घेते: निःपक्षपाती राहावं, हितसंबंध आधी उघड करावेत, काही न घालता न गाळता पूर्ण अर्थ सांगावा, गुप्तता पाळावी. (जिल्हा बाल संरक्षण कक्षानं दुभाष्यांची नोंदवही ठेवायची हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे यादी ही कल्पना आपली नव्हेच.) पुढं कारवाई: लेखी ताकीद, परीक्षा होईपर्यंत ठराविक कामापुरती मनाई, तीन महिने ते दोन वर्षं नाव बाजूला, आणि नाव कमी. नाव कमी करणं फक्त तीन गोष्टींसाठी ठेवलंय: खोटी कागदपत्रं, पक्षकाराची माहिती विकणं किंवा बाहेर सांगणं, आणि जाणूनबुजून चुकीचा अर्थ. वर्गणी थकली तर नावापुढं फक्त 'नूतनीकरण बाकी'. नाव बाजूला गेलं तरी परत यायचा रस्ता लेखी असेल. तात्पुरती मनाई तीस दिवसांवर नाही.

---

कोर्टपायरी

मसुदा ठीक. दोन दुरुस्त्या. अपील टाका, आणि ते निर्णय देणाऱ्याच समितीपुढं नको. बार कौन्सिलकडं बघा: अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ मध्ये तक्रार फेटाळणं, ताकीद, काही काळ सनद निलंबित, नाव कमी, अशी उतरंड आहे. त्यावर भारतीय बार कौन्सिलकडं अपील, तिथून सुप्रीम कोर्ट, दोन्हीला ६०-६० दिवस. तुम्हाला सुप्रीम कोर्ट परवडायचं नाही, पण बाहेरचा एखादा निवृत्त न्यायाधीश किंवा प्राध्यापक चालेल.

दुसरं, काढलेली नावं फेसबुकवर टाकू नका. यादीत नाव दिसणार नाही, कुणी विचारलं तर 'सध्या यादीत नाही' एवढंच. कारणं छापलीत तर बदनामीची नोटीस येईल.

---

हातवारे

इथं असहमत. 'सध्या यादीत नाही' म्हटलं की लोकांना वाटेल वर्गणी थकली असेल. माझ्या आईची माहिती बाहेर फोडणाऱ्याला शेजारच्या जिल्ह्यात काम मिळणार, आणि आपण बदनामीला घाबरून गप्प? किमान 'वर्तनामुळे कमी' एवढे दोन शब्द द्या.

---

कोर्टपायरी

निर्णय लेखी, कारणांसह आणि अपिलाची मुदत संपलेली असेल, तर दोन शब्द चालतील. सही घेतानाच संमती घ्या: माझ्यावर कारवाई झाल्यास ती कळवायला माझी हरकत नाही. प्रवेशअर्जावर.

---

उगाच_शंका

बरं, हे सगळं मान्य. पहिली तक्रार दुकानदाराची, हे आता उघड आहे. समितीत कोण? धागाकर्ती नाही, त्या तक्रारदार झाल्या.

---

तिकटीवरची

मी नाहीच. सीमाभागी काका, तुम्ही याल का? कन्नड तपासायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

---

सीमाभागी

समितीत मी नको. माझा पुतण्या तुमच्या यादीत यायचा आहे, आणि तो दुकानदार माझ्या साडूचा शेजारी. त्याचं प्रकरण आलं की मी उठून बाहेर जाणार. मग बसूच कशाला. कन्नडसाठी बेळगावकडचा कुणीतरी बघा, ज्याला इथलं कुणी ओळखत नाही.

---

तिकटीवरची

मग निदान तक्रारी घ्यायचं काम तरी?

---

सीमाभागी

ते करतो. पण फोनवर कुणी सांगायचं नाही, लिहून द्यायचं. आणि त्या हातवारेच्या आईंचा व्हिडिओ आला तर तो बघायला कोण बसणार तेही आताच ठरवा. हातवारे बसणार नाही.

---

तांबडा_पांढरा

आईची तक्रार पोराबद्दल आसली तर?

---

हातवारे

मास्तर खूश आहेत.